शाहिराने मांडलेला हिशेब

१९६९ हे वर्ष मराठी लोकवाणीला फार महाग पडले. १३ जूनला आचार्य अत्रे गेले, १८ जुलैला अण्णा भाऊ साठे गेले आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळ झालेल्या मोटार अपघातात लोकशाहीर अमर शेख यांचा अंत झाला. अवघ्या अडीच महिन्यांत संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची लेखणी, त्याचे गीत आणि त्याचा आवाज ही तिन्ही हरपली. पुणे-सोलापूर रस्त्यावरून रोज हजारो वाहने इंदापूर ओलांडून जातात. याच रस्त्याच्या परिसरात महाराष्ट्राचा एक मोठा गळा कायमचा थांबला, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असेल.

अमर शेखांचे स्मरण आपण करतो, नाही असे नाही. १ मे रोजी, शाहिरांच्या जयंतीला, एखाद्या सभेच्या आधी माणसे जमेपर्यंत त्यांच्या काळातील गाणी ध्वनिक्षेपकावरून वाजतात. राज्य मिळविण्याच्या लढ्यातील प्रचारगीते म्हणून ती ऐकली जातात आणि राज्य मिळालेले असल्यामुळे त्यांचे काम संपले, असे मनोमन समजले जाते. हे स्मरण यथोचित असले तरी अपुरे आहे. या गाण्यांचा खरा जीव त्यांतील गोष्टीत आहे. पोटासाठी गाव सोडणाऱ्या माणसाची ती गोष्ट आहे, आणि ती सांगता सांगता शाहीर असा एक हिशेब मांडतो की जो अर्थशास्त्राच्या ग्रंथांना आणि कारखान्यांच्या चोपड्यांना आजही पुरता मांडता आलेला नाही. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या एका चाहत्याने या गाण्यांविषयी लिहिण्याचे धाडस करावे ते एवढ्याचसाठी.

बार्शीचा मेहबूब

अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शी येथे एका गरीब मुसलमान कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लोकगीतांचे पहिले संस्कार त्यांना आईकडून, मुनेरबींकडून मिळाले. शिक्षण फारसे होऊ शकले नाही. मोटारीवरचा क्लीनर, गिरणीतला कामगार अशी मिळतील ती कामे त्यांनी केली. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगवास भोगला, कामगार चळवळीत ते पुढे आले आणि कम्युनिस्ट विचारांकडे वळले. कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीतही काही काळ त्यांनी नशीब अजमावले आणि पुढे 'अमर शेख' हेच नाव महाराष्ट्राच्या जिभेवर बसले. १९६१ च्या 'प्रपंच' या चित्रपटात सुलोचनाबाईंबरोबर त्यांनी रंगविलेला गरीब संसारी कुंभार जाणत्या प्रेक्षकांना आजही आठवतो. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह अनुक्रमे १९५८ आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे दुसऱ्यांची गीते गाणारा केवळ एक खडा आवाज एवढीच त्यांची ओळख नव्हती. ते स्वतः कवी होते. मात्र आपल्या कवितेपेक्षा आपल्या सोबत्याचे गीत लोकांपर्यंत अधिक चांगले पोचत असेल तर ते मनापासून गाण्याचा मोठेपणा त्यांच्यापाशी होता.

हा सोबती म्हणजे अण्णा भाऊ साठे. १९४४ मध्ये अमर शेख, अण्णा भाऊ आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. वाळवे तालुक्यातील वाटेगावचा एक मातंग तरुण, बार्शीचा एक मुसलमान गिरणी कामगार आणि गव्हाणकरांसारखा मध्यमवर्गीय कार्यकर्ता अशी ही त्रयी होती. पथकाचा प्रेक्षक मुंबईच्या गिरणगावात बसलेला असे. कोकणातून, घाटावरून, सातारा-सांगलीच्या खेड्यांतून आलेला हा कामगार आठवडाभर साच्यावर उभा राही आणि रात्री चाळीच्या पटांगणात या तिघांचे पोवाडे आणि वगनाट्ये ऐकायला जमे. बंगालच्या दुष्काळापासून तेलंगणच्या संग्रामापर्यंत दूरदूरचे विषय त्याला या गाण्यांतून समजत. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने या पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. सरकारला गाण्याचे भय वाटावे ही त्या गाण्याला मिळालेली पावतीच म्हटली पाहिजे.

पोवाड्याचा नायक बदलला

गोष्ट सांगणारे गाणे ही मराठीला नवी गोष्ट नव्हे. अफझलखानाच्या वधावरचा अग्निदासाचा पोवाडा हा आपल्याकडे उपलब्ध असलेल्या जुन्या पोवाड्यांतील अग्रगण्य होय. ज्या घटनेचे तो वर्णन करतो ती १६५९ ची. सिंहगडावरचा तुळशीदासाचा पोवाडा प्रसिद्धच आहे. पेशवाईत अनंत फंदी, राम जोशी, होनाजी, प्रभाकर यांनी पोवाडा आणि लावणी हे दोन्ही प्रकार वैभवाला नेले. १८९१ मध्ये हॅरी अॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी असे पोवाडे गोंधळी-शाहिरांकडून गोळा करून ग्रंथरूपाने छापले, म्हणून त्यांतील पुष्कळसे वाचले. मात्र त्या संग्रहाच्या नावातच इतिहासप्रसिद्ध पुरुष आणि स्त्रिया आहेत. पोवाड्याचा नायक व्हायचे तर आधी इतिहासप्रसिद्ध असावे लागे.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला तेव्हा या चौकटीला पहिला धक्का बसला. राजा तोच राहिला, पण त्याच्याकडे पाहणारी दृष्टी कुणब्याची झाली. पुढे सत्यशोधक जलशांनी सावकार, भटजी आणि अडलेला शेतकरी यांना फडावर आणले. लाल बावटा पथकाने त्याच्याही पुढचे पाऊल टाकले. डफ आणि तुणतुणे तेच, पल्लेदार आवाजाची चढती फेक तीच, झीलकऱ्यांची साथ तीच. पण ज्याचे नाव कोणत्याही बखरीत येणार नाही असा माणूस मधोमध उभा राहिला. अग्निदासाच्या श्रोत्याला शाहीर दुसऱ्या कोणाचा पराक्रम ऐकवीत होता. अमर शेखांच्या श्रोत्याला त्याची स्वतःची हकीकत ऐकू येत होती.

मैनेची गोष्ट

या परंपरेचे शिखर म्हणून 'माझी मैना' या एकाच रचनेकडे बोट दाखवावे लागेल. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या काळात अण्णा भाऊंनी ही छक्कड लिहिली आणि अमर शेखांच्या पहाडी आवाजाने ती सभासभांतून गाजविली. आमच्या पिढीने त्यांना मैदानात उभे राहून गाताना पाहिले नाही. आमच्या वाट्याला आली ती ध्वनिमुद्रणे आणि वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या आठवणी. तरीही ही छक्कड पहिल्यांदा ऐकताना ती कोणी तरी आपल्याच घरातली गोष्ट सांगत असल्यासारखी वाटते.

गोष्ट साधी आहे. गरिबीपायी एका जोडप्याची ताटातूट होते. नवरा मुंबईला निघतो. भल्या पहाटे बायको त्याची भाकरी बांधून देते आणि त्याला घालवायला गावाच्या वेशीपर्यंत येते. तिचा चेहरा उतरलेला पाहून तो तिला हसविण्याची खटपट करतो. पत्रे पाठवीन म्हणतो, आणि मग दागिन्यांची एक लांबलचक यादी सुरू होते. गळ्यातल्या साजापासून नाकातल्या नथेपर्यंत काय काय घडवून आणीन ते तो एकेक नग सांगतो. ती मात्र हसत नाही. अखेर तो मन घट्ट करून वाटेला लागतो.

दुसऱ्या भागात मुंबई येते. तिथे बेकारांच्या गर्दीत हाही एक जण सामील होतो. उंची मोटारी, तलम साड्या, मजल्यांवर चढलेले मजले असे सारे वैभव त्याला दिसते. त्याला मात्र त्यात जागा नाही. ऊन, थंडी, पाऊस न पाहता तो राबतो. ज्याने गावाच्या वेशीवर दागिन्यांनी मढविण्याचे वचन दिले होते त्याला पावसाळ्यात साधी छत्री घेणे परवडत नाही. आणि मग तिसऱ्या भागात चळवळ उठते. तो तीत उतरतो आणि गावाकडे राहिलेली मैना व सीमेपलीकडे राहिलेले बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांचे दुःख शाहीर एका सुरात गुंफतो.

प्रचारगीत या नात्याने पाहिले तर या रचनेत पुष्कळ काही अनावश्यक आहे. सीमाभागाची मागणी मांडायला वज्रटीक आणि नथ कशाला हवी? चळवळीसाठी लोकांना उठवायचे तर पहाटेच्या भाकरीपाशी इतका वेळ रेंगाळायचे कशासाठी? पण नेमक्या याच 'अनावश्यक' तपशिलांवर गाणे उभे आहे. ती यादी लांबत जाते तसतसे श्रोत्याला उमगू लागते की हा माणूस बायकोला नव्हे, स्वतःलाच समजावतो आहे. आणि पुढे छत्री येते तेव्हा शाहिराला काही भाष्य करावे लागत नाही. यादी आधी ऐकलेली असते, वजाबाकी श्रोता स्वतःच करतो. मागणीपर्यंत गाणे पोचते तोवर ऐकणाऱ्याचा त्या माणसावर पूर्ण विश्वास बसलेला असतो. कलेला प्रचारकी म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी हे बांधकाम एकदा नीट तपासावे.

पुस्तके मागाहून आली

वर्गात स्थलांतर हा विषय शिकविताना आर्थर लुईस यांच्या १९५४ च्या सुप्रसिद्ध निबंधापासून सुरुवात करण्याची पद्धत आहे. शेतीत गरजेपेक्षा अधिक माणसे गुंतलेली असतात. ती जवळजवळ त्याच मजुरीवर उद्योगाकडे सरकत राहतात आणि त्यांच्या बळावर भांडवलसंचय होतो, हा त्याचा गाभा. लुईस यांना १९७९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि ते योग्यच झाले. पण त्यांच्या मांडणीतला माणूस शहराकडे निघाला की तिथे त्याला काम मिळतेच. प्रत्यक्षात शहरे बेकारांनी भरलेली असताना खेड्यांतून माणसे का येत राहतात, हा प्रश्न शिल्लक राहिला. त्याचे उत्तर मायकेल टोडारो यांनी १९६९ मध्ये आणि मग जॉन हॅरिस यांच्या जोडीने १९७० मध्ये दिले. माणूस आजच्या मजुरीकडे पाहून निघत नाही, उद्या मिळू शकणाऱ्या मजुरीच्या आशेवर निघतो, आणि म्हणून शहरात बेकारी असूनही ओघ थांबत नाही, असे त्यांचे म्हणणे.

अण्णा भाऊंच्या छक्कडीत हे दोन्ही पदर त्याआधी किमान दशकभर येऊन गेले होते. दागिन्यांची यादी ही टोडारोंची अपेक्षित मिळकत, आणि बेकारांच्या गर्दीत सामील होणे ही तिची प्रत्यक्ष परिणती. शाहिराने अर्थशास्त्राला मागे टाकले असा पोरकट दावा यातून करायचा नाही. सिद्धान्ताचे काम वेगळे आणि गाण्याचे वेगळे. परंतु सिद्धान्त एका निघालेल्या माणसाची मिळकत मोजतो. मागे राहिलेल्या माणसाच्या खात्यात काय जमा झाले आणि काय खर्ची पडले, हे विचारायला त्याला बराच काळ लागला. गाण्याने मात्र तिथूनच सुरुवात केली. आणि म्हणून वर्गात लुईस-टोडारोंच्या आकृत्या काढून झाल्यावर ही छक्कड ऐकविली की विद्यार्थी फळ्यावरची रेषा पुन्हा एकदा, जरा वेगळ्या नजरेने पाहतात, असा अनुभव आहे.

येथे आणखी एक योग नोंदवावासा वाटतो. संयुक्त महाराष्ट्राची बाजू राज्यपुनर्रचना आयोगापुढे आकडेवारीनिशी मांडण्याच्या कामात धनंजयराव गाडगीळ यांचा मोठा वाटा होता. हेच गाडगीळ विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत होते. मुंबईची संपत्ती कोणाच्या घामावर उभी राहिली आहे, हा त्या वादातील कळीचा प्रश्न. गाडगिळांनी त्याचे उत्तर निवेदनांतून दिले, अमर शेखांनी ते मैदानातून दिले. आयोगाने १९५५ मध्ये द्वैभाषिकाची शिफारस केली. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. बेळगाव-कारवार कर्नाटकात राहिले, डांग-उंबरगाव गुजरातेत राहिले आणि कर्नाटकाबरोबरच्या सीमेचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला. छक्कडीच्या शेवटच्या भागाची मागणी पुरी झाली नाही, असे म्हणावे लागेल. तथापि तिच्या पहिल्या भागाचे काय झाले, हे त्याहून क्वचित विचारले जाते.

पोटासाठी निघालेल्या माणसाची गोष्ट गाण्यात यावी, ही गरज एकट्या महाराष्ट्राची नव्हती. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात धुळीच्या वादळांनी ओक्लाहोमा आणि आसपासच्या राज्यांतील शेती उद्ध्वस्त केली आणि हजारो कुटुंबे पश्चिमेकडे कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागली. वुडी गथ्री हा ओक्लाहोमातच १९१२ मध्ये जन्मलेला गायक त्यांच्या गोष्टी गिटारीवर गात हिंडला. तेथील 'कंट्री' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाण्यात गोष्ट सांगण्याला आजही मोठा मान आहे, आणि त्या कुटुंबांच्या पुढच्या पिढीतून मर्ल हॅगार्डसारखे गायक निघाले. आपल्याकडे त्या तोडीचे शाहीर झाले. उणीव राहिली ती पुढच्या पिढीच्या दुव्याची. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, गिरणगाव मोडले आणि चाळीच्या पटांगणात बसणारा तो श्रोताच पांगला. श्रोता पांगला की शाहीर पोरका होतो.

आता मैना कोठे आहे?

माणसाचे पोटासाठी गाव सोडणे मात्र थांबले नाही. त्याची दिशा बदलली. आमचे भवानीनगर हे छत्रपती सहकारी साखर कारखान्याचे गाव. नीरा डाव्या कालव्याचे पाणी या भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले आणि पुढे ऊस आला, वालचंदनगर आले, सहकारी कारखाने आले. येथून मुंबईला जाणारा रस्ता जसा आहे तसा येथे येणाराही एक रस्ता आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड व मराठवाड्याच्या इतर कोरडवाहू भागांतून आणि अहिल्यानगरमधून ऊसतोड कामगारांच्या गाड्या या रस्त्याने येतात आणि उन्हाळा लागेपर्यंत उसाच्या फडांलगत त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. बीडच्या कोरडवाहू शेतकऱ्याची मुंबई म्हणजे आमची ही गावे होत.

या कामाचा हिशेब 'कोयत्या'वर चालतो. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. टोळी मोजतात ती कोयत्यांत. आणि एक कोयता म्हणजे एक माणूस नव्हे. बहुधा ते एक जोडपे असते. नवरा ऊस तोडतो. बायको पाचट सोलते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते आणि त्याआधी पहाटे उठून भाकऱ्या थापून ठेवते. वहीत नाव बहुधा पुरुषाचे असते. तिचे श्रम त्याच्या नावापुढे, त्याच्या आकड्यात विरघळून जातात. ती आजारी पडली, बाळंत झाली आणि काम बुडाले तर तो कोयत्याचा खाडा म्हणून लागतो. म्हणजे ती काम करते तेव्हा वेगळी दिसत नाही, आणि काम करीत नाही तेव्हा मात्र वजावटीत नेमकी दिसते.

अण्णा भाऊंच्या गाण्यात मैना गावाकडे राहिली होती. आज ती नवऱ्याबरोबर फडात आली आहे आणि गावाकडे राहिली आहेत ती म्हातारी माणसे व शाळेच्या वयाची मुले. कित्येकदा मुलेही बरोबर येतात. त्यांच्यासाठी साखरशाळांचे प्रयोग झाले, काही चालले, काही थांबले. ताटातूट संपली नाही, तिची वाटणी बदलली. छक्कडीतील वेशीवरचा प्रसंग आता गावाकडच्या आजी-आजोबांच्या दारात घडतो, एवढाच काय तो फरक. दागिन्यांच्या वचनाची जागा उचलीने घेतली आहे. उचल म्हणजे आधीच खर्च झालेले वचन. ते फेडण्यासाठी हंगामभर कोयता चालवायचा असतो. असे असताना या गोष्टीचे गाणे कोठे आहे, हा प्रश्न केवळ रसिकाचा राहत नाही. जे गाण्यात येते ते समाजाच्या ध्यानात राहते. जे नुसते वहीत राहते ते वही बंद झाली की संपते.

मैनेचे उत्तर

अमर शेखांवर कितीही प्रेम असले तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. 'माझी मैना' ही गोष्ट पुरुषाने सांगितलेली आहे. ती कोमेजते, ती हसत नाही, ती रुसते, हे आपल्याला तोच सांगतो. ती स्वतः बोलत नाही. तिचे मौन हे त्या गाण्याचे सामर्थ्य आहे, तशीच ती त्याची मर्यादाही आहे. नवरा मुंबईला गेल्यावर तिने दिवस कसे काढले, सावकाराला काय सांगितले, सासऱ्याच्या दुखण्यात काय विकले, हे शाहिराच्या नजरेच्या टप्प्याबाहेर राहिले.

पण मैना मुकी नव्हती. ती जात्यावर गात होती. पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉत्वँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या शेकडो खेड्यांत हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या आणि त्यांतील पुष्कळ ध्वनिमुद्रितही केल्या. आमच्या इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकीच्या बायकांच्या ओव्याही त्या संग्रहात आहेत. त्या ओव्यांत माहेर आहे, भाऊ आहे, पंढरीची वाट आहे, पदरी आलेला दुष्काळ आहे आणि परगावी गेलेल्या माणसाची वाट पाहणेही आहे. शाहिराने मैदानात जो अर्धा हिशेब मांडला त्याचा उरलेला अर्धा भाग अंधाऱ्या पहाटे जात्याच्या घरघरीत मांडला जात होता. दोन्ही एकत्र ठेवून वाचले तरच खाते पुरे होते. विजेची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि त्याबरोबर ओवी गाण्याचा रोजचा प्रसंगच सरला. राईरकर-पॉत्वँ यांनी ते काम वेळेवर केले नसते तर ते पुन्हा करता आले नसते.

यातून एक काम सुचते, आणि ते कोणत्याही सरकारी योजनेची वाट न पाहता करता येण्याजोगे आहे. साखरपट्ट्यातील प्रत्येक तालुक्यात आज महाविद्यालय आहे. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी भरतात. बहुधा रस्ता झाडणे, खड्डे खणणे आणि समारोपाची भाषणे यांत ती उरकतात. त्याऐवजी गळीत हंगामात विद्यार्थ्यांनी कोप्यांवर जावे, तोडणी संपल्यानंतरच्या सवडीने बसावे आणि तिथे गायली जाणारी गाणी, सांगितल्या जाणाऱ्या हकीकती गाणारणीच्या परवानगीने तिच्याच बोलीत टिपून घ्याव्यात. प्रत्येकाच्या खिशात आज ध्वनिमुद्रणाचे साधन आहे. अॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांच्यापाशी ते नव्हते. कोयत्यातील दोघांचीही नावे लिहावीत, दोघांचाही हिशेब विचारावा. मराठीच्या विद्यार्थ्याला त्यातून भाषा मिळेल, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मजुरी आणि कर्ज यांचा असा दस्तऐवज मिळेल की जो कोणत्याही छापील तक्त्यात सापडायचा नाही.

कारखान्यांनाही यात वाटा उचलता येईल. गळीत हंगामाचा प्रारंभ गव्हाणीत मोळी टाकून मोठ्या थाटाने होतो. पाहुण्यांचे हार-तुरे होतात, भाषणे होतात. ती मोळी ज्या हातांनी बांधलेली असते ते हात त्या मांडवात क्वचितच दिसतात. त्या दिवशी एखादा फड शाहिराचा, एखादी ओवी कोपीवरच्या बाईची, एवढे कार्यक्रमपत्रिकेत घालायला फार खर्च येणार नाही. मुंबई विद्यापीठात शाहीर अमर शेख यांच्या नावाचे अध्यासन आहे, हे त्या विद्यापीठाला भूषणावह आहे. परंतु ज्यांच्यासाठी त्यांनी गळा झिजविला त्यांचा आजचा मुक्काम विद्यापीठापासून फार दूर, उसाच्या फडाच्या बांधावर आहे.

गाण्याने मजुरीचा दर वाढत नाही, उचल फिटत नाही, हे अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला कोणी सांगायला नको. त्यासाठी संघटना लागते, कायदा लागतो, तो पाळणारे लोक लागतात. पण ज्याची गोष्ट कोणी सांगितलेली नाही अशा माणसाचा दर ठरविणे फार सोपे असते. तो एक आकडा असतो, आणि आकड्याला तोंड नसते. लाल बावटा पथकाने गिरणी कामगाराला तोंड दिले. मालकाच्या वहीतल्या हजेरी क्रमांकामागे एक वेस आहे, वेशीवर उभी असलेली एक बाई आहे आणि तिला दिलेले, न पाळता आलेले वचन आहे, हे त्यांनी अवघ्या महाराष्ट्राला ऐकविले. अमर शेखांवर ज्यांचे प्रेम आहे त्यांनी त्यांची गाणी वाजवीत राहावीच. आमच्या शिवारात या हंगामात जे कोयते येतील त्यांतील प्रत्येकामागे दोन माणसे आहेत, हे मोजायला मात्र ती गाणी ऐकणाऱ्यानेच शिकायला हवे.